उघडलं कोणी, बंद केलं कोणी

सोमवारी सकाळी साडेनऊला मी गाळा उघडला. काशिनाथ आला नव्हता. दहा वाजून पाच मिनिटांनी त्याच्या मुलीचा फोन आला. काशिनाथ पहाटे गेला होता. मी शटर खाली ओढलं आणि करावे गावात गेलो.

भागीदार गेला तर सुतक नसतं. तो आपला नात्याचा नसतो, जातीचा नसतो, आमच्या बाबतीत तर गावाचाही नव्हता. तो खाडीकाठच्या करावे गावचा, मी मराठवाड्यातून शिकायला आलेला आणि कोपरखैरण्यात राहिलेला. चौथ्या दिवशी लोकांचे फोन सुरू झाले. पंप कधी मिळेल, असं विचारत होते. त्यांचं बरोबर होतं. मी गाळा उघडला.

अठरा दिवसांनी काशिनाथच्या बायकोनं, वहिनींनी, मला एक प्रश्न विचारला. काशिनाथनं दुरुस्त केलेला शेवटचा पंप बिघडला होता. त्या गिऱ्हाइकाकडे काशिनाथचाच नंबर होता. तिनं त्या नंबरावर फोन लावला आणि तो वहिनींनी उचलला. "काकांना सांगा, त्यांनी करून दिलेला पंप नीट चालत नाही," एवढंच ती बोलली. वहिनींनी तिला माझा नंबर दिला आणि मग मला फोन करून विचारलं, "मास्तर, त्यांच्या हातून चुकला काय? खरा सांगा."

मी म्हणालो, "बघून सांगतो."

बघून सांगायला मला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी आमचा धंदा काय, हे सांगितलं पाहिजे, कारण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

मोटारीच्या मागे जोडून ओढायची एक छोटी खोली असते, तिला कॅम्पर ट्रेलर म्हणतात. आत एक पलंग, एक ओटा, एक बेसिन. ओट्याखाली पन्नास-साठ लिटरची टाकी आणि टाकीशेजारी दोन मुठींएवढा पंप. गाडीच्या बॅटरीसारख्याच बॅटरीवर चालणारा. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो, पंपाला ते कळतं आणि तो सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि तो थांबतो. पंपाच्या पोटात एक रबरी पडदा, डायफ्राम, वरखाली होतो आणि रबराच्या लहान झडपा पाणी एकाच दिशेनं जाऊ देतात. बस, एवढंच. घरातल्या नळाला आपण कधी विचारत नाही की बाबा तू का येतोस. तंबूच्या मुक्कामी, दोन मुलं आणि खरकटी भांडी समोर असताना तो आला नाही, तर नवराबायकोत जे बोलणं होतं ते आम्ही फोनवर पुष्कळ ऐकलं आहे.

मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. तो बंद पडला. काशिनाथ करावे गावच्या होड्यांची इंजिनं आणि होडीत साचलेलं पाणी उपसायचे पंप दुरुस्त करायचा. आम्ही तुर्भ्यात गाळा घेतला तेव्हा कॅम्पर नव्हते. वडापावच्या गाड्या, फिरते दवाखाने, असलं काम यायचं. कॅम्पर नंतर आले. वर्षं मोजत बसत नाही.

पंपाच्या तक्रारी तीनच. चालत नाही, चालतो पण पाणी येत नाही, आणि नळ बंद असतानाही मधूनच चालतो. बाकी सगळं या तिघींचं गोत. पहिलीत फ्यूज आणि वायर बघायची. दुसरीत टाकी, गाळणी आणि हवा कुठून शिरते ते. तिसरी सगळ्यांत चिवट, तिच्याकडे नंतर येतो.

दुसऱ्या तक्रारीचा एक नमुना. ऐरोलीतला एक तरुण, संगणकाच्या कंपनीत कामाला. समुद्रकिनाऱ्यावरून त्यानं व्हिडिओ कॉल केला.

"काका, पंप मस्त चालतोय, पण पाणी येत नाहीये. मी सगळं वाचलंय. डायफ्राम गेलाय."

काशिनाथनं फोन माझ्या हातातून घेतला. "टाकीवर जरा थापटी मार."

"कुठे?"

"टाकीवर रे. पोटावर मारल्यासारखी. मारलीस? आवाज कसा आला? कलिंगडाचा का मडक्याचा?"

"अं... मडक्याचा."

"भरल्या का रिकाम्या?"

पलीकडून टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग मागून बाईचा आवाज, "मी तुला निघताना दोनदा विचारलं होतं! दोनदा!"

"पण गेज अर्धी टाकी दाखवतोय, काका."

"गेजला कशाला विचारतंस? टाकीला विचार ना."

काशिनाथ असाच बोलायचा. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, सगला वाचलेला मानूस होता." मी कामांच्या मधल्या वेळात वाचनालयातली पुस्तकं वाचत बसायचो, म्हणून मी मास्तर. वाचण्यावरचे त्याचे टोमणे मला उद्देशून असत, पण गिऱ्हाइकाच्या नावे पाठवलेले.

तो पंपाला ऐकायचा. मी मोजायचो. यावरून आमच्यात जितके वाद झाले तितके दुसऱ्या कशावरून झाले नाहीत. एकदा वाशीच्या एका फिरत्या रसवंतीचा पंप आला. काशिनाथनं त्याच्या डोक्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाला, "घसा बसलाय याचा."

मी मीटर लावला. पंप बंद असताना पुरतं बारा व्होल्टच्या वर. मी म्हणालो, "वीज ठीक आहे."

"जल्ला तुजा मीटर. चालू करून बघ."

चालू करून बघितलं तर नऊ. वायर शोधत गेलो तर ती गणपतीच्या सजावटीतल्या दिव्यांच्या माळेची निघाली, दोऱ्यासारखी. एवढ्या बारीक वायरीतून पंपाला लागेल एवढी वीज जाऊ शकत नाही, वाटेतच संपते. मी वायर बदलली, पंप खणखणीत झाला.

"मी म्हनलो घसा बसलाय," काशिनाथ चहा ओतत म्हणाला. "तू शोधलास का बसलाय. आता दोगांचा मिलून एक मेकॅनिक झाला."

तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, तो हिशेब अगदी बरोबर होता.

गिऱ्हाइकांत दोन बहिणी होत्या, दोघीही निवृत्त शिक्षिका, दोघीच गाडी घेऊन फिरायच्या. त्यांची तक्रार पंपाच्या आवाजाची. "वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी टाचा आपटतंय असं वाटतं," थोरली म्हणाली. पंप थेट पत्र्यावर आवळलेला होता, त्यामुळे अख्खा ट्रेलर ढोलासारखा वाजायचा. काशिनाथ उठला, नाक्यावरून हवाई चपलांचा एक नवा जोड घेऊन आला, एका चपलेची टाच कापून तिचे चार चौकोन केले आणि पंपाच्या पायांखाली बसवले. आवाज गेला. बाजारात यासाठी रबरी पाय मिळतात, पण चपलेच्या रबराइतके मऊ नसतात.

धाकटी बहीण उरलेली चप्पल हातात घेऊन म्हणाली, "आणि ही?"

"ती पुडच्या गाडीला."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मास्तर एका पायात घालतील."

त्या बहिणी दर हिवाळ्यात यायच्या. काही बिघडलेलं नसायचं. चिवडा द्यायला यायच्या.

आमचा एक नियम होता आणि तो आम्ही चूक करून शिकलो होतो. सुरुवातीच्या काळात एकदा मी एक पंप उघडला आणि मध्येच बँकेत गेलो. काशिनाथला वाटलं माझं झालं आहे, त्यानं तो बंद केला. एक वॉशर टेबलावरच राहिलं. ते कुटुंब ओल्या गाद्या गाडीच्या टपावर वाळत घालून परत आलं. त्यानंतर ठरलं की ज्यानं उघडलं त्यानंच बंद करायचं. मध्ये आग लागली तरी. मी कामाच्या कार्डावर खाली दोन ओळी छापून घेतल्या : 'उघडलं' आणि 'बंद केलं'. पुढे ज्याचं त्याचं अक्षर. माझं 'मा', त्याचं 'का'.

"माज्या हाताला सही लागत नाय," तो आधी म्हणाला होता. मग करू लागला. नंतर तर मी विसरलो की ओरडायचा.

कारखान्यात असल्या गोष्टींना मोठी इंग्रजी नावं असतात. आमच्याकडे फक्त दोन अक्षरं होती, पण जवळपास सगळ्या कार्डांवर दोन्ही ओळींत एकच अक्षर आहे. अर्धवट बंद केलेला पंप आमच्या गाळ्यातून पुन्हा गेला नाही, असं मी अभिमानानं सांगत असे.

आता त्या पंपाकडे येतो.

गिऱ्हाइकाचं नाव वैदेही. सानपाड्याला राहते, शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. नवरा, सासू आणि ती, तिघं सुट्टीत कॅम्पर घेऊन निघतात. तिचा फोन आला तेव्हा मी तिला काशिनाथचं सांगितलं. ती म्हणाली, "अरे देवा. मी त्यांच्या घरी फोन केला हो. मला माहीतच नव्हतं." नंतर, अगदी मनापासून, "तब्येत तेव्हाच बरी नसणार काकांची. आमची तक्रार नाही. तुम्ही सवडीनं बघा."

ते अजून कोकणात होते, परतायला आठवडा होता. मी म्हणालो, आल्यावर आणा.

ते आठ दिवस मी रोज गाळ्यात जात होतो आणि त्या कामाचं कार्ड माझ्या पाठीमागच्या फायलीत होतं. हात मागे नेला की सापडलं असतं. त्यावर 'बंद केलं'पुढे 'का' असणार, हे मला माहीत असल्यासारखं वाटत होतं. काशिनाथचं शेवटचं काम, त्याचं शेवटचं अक्षर, आणि ते चुकलेलं. मी फाईल काढली नाही. वहिनींचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा म्हणालो, गाडी अजून आली नाही. ते खरंच होतं.

शनिवारी सकाळी ट्रेलर दारात उभा राहिला. नवरा गाडी लावून कुठेतरी गेला. वैदेही आणि तिची सासू आत आल्या. सासूबाई सत्तरीच्या, काठीशिवाय चालणाऱ्या, स्टुलावर बसल्या आणि गाळाभर नजर फिरवून म्हणाल्या, "पुस्तकं कुणाची?"

"माझी."

"मग पंप कोण बघतं?"

"आई," वैदेही म्हणाली.

तक्रार तिसऱ्या प्रकारची होती. सगळे नळ बंद, कुणी पाण्याला हात लावलेला नाही, आणि पाच-सहा मिनिटांनी पंप आपला 'टर्र' करून एकदा फिरतो आणि थांबतो. याचा अर्थ पाइपात कोंडलेला दाब कुठूनतरी उतरतो आहे. एक तर पुढे कुठे गळती, नाहीतर पंपातली झडप पाणी मागे टाकीत सोडते आहे.

मी प्रत्येक जोडाखाली कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. काशिनाथ हेच करायचा; डोळ्याला न दिसणारा थेंब कागदाला दिसतो. अर्धा तास थांबलो. पंप सहा वेळा वाजला. कागद सगळे कोरडे. काशिनाथनं आवळलेला एकही जोड गळत नव्हता. मला उगाच बरं वाटलं.

मग पंपाच्या लगेच पुढचा कॉक बंद केला. आता पंपाचा पुढच्या पाइपांशी संबंध नाही. तरीही पाच मिनिटांनी 'टर्र'. म्हणजे दोष पंपाच्या पोटात. मी त्याचं डोकं उघडलं. झडपेच्या रबराखाली काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं काढून तळहातावर ठेवलं. तांदळाचा फुगलेला अर्धा दाणा. कडेला अजून पिवळा.

वैदेहीनं वाकून पाहिलं. मग सरळ झाली आणि सासूकडे वळली. "आई, तुम्ही टाकीत तांदूळ टाकलेत?"

"तांदूळ नाही. अक्षता. चिमूटभर."

"टाकीत?"

"मग कुठे, टपावर? गाडी दुरुस्त होऊन आली, नवं पाणी भरलं, लांबचा प्रवास. पूजा नको? विहिरीला वाहतात, बोअरवेलला वाहतात. तुझ्या टाकीत पाणी नाही का?"

"अहो, पण मशीन आहे ते!"

"अखंड होत्या. एकेक निवडून घेतली होती," सासूबाई म्हणाल्या. पण आवाज उतरला होता. स्टुलावर त्या एकदम लहान दिसायला लागल्या. "मला काय माहीत पंप खातो म्हणून."

वैदेही माझ्याकडे वळली. "सॉरी हो. आम्ही उगाच काकांना..."

इथे थांबता आलं असतं. दोष सापडला होता, कारण सापडलं होतं, आणि ते कारण स्टुलावर बसलं होतं. काशिनाथ सुटला होता. मी दाणा काढून पंप बंद केला असता तर दोघी घरी गेल्या असत्या आणि वहिनींना मी फोनवर सांगितलं असतं.

पण टाकी आणि पंप यांच्यामध्ये गाळणी असते. अंगठ्याएवढा पारदर्शक पेला, त्यात स्टीलची बारीक जाळी. ती असतेच मुळी अशा गोष्टींसाठी. आपल्याकडे माणूस पाण्याला हात जोडतो आणि मग त्यात काहीतरी टाकतो. काशिनाथ कधी गिऱ्हाइकाला याबद्दल बोलला नाही. टाकीतून आम्ही फुलाच्या पाकळ्या काढल्या आहेत, तुळस काढली आहे, एकदा एक रुपयाचं नाणं. हे सगळं जाळीपाशी थांबायला हवं. तांदळाचा दाणा पंपात पोचलाच कसा?

मी गाळणीचा पेला फिरवून काढला. आत जाळी नव्हती.

त्या दोघींना पेल्यात काय असायला हवं हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं मी एक प्लॅस्टिकचा तुकडा काढून बघत होतो.

"एक मिनिट," मी म्हणालो आणि मागची फाईल काढली.

कार्ड सापडायला वेळ लागला नाही. नाव, गाडी, काम : पंप सर्व्हिस, गाळणी साफ. खाली 'उघडलं' : का. 'बंद केलं' : मा.

'मा' माझ्याच अक्षरातला होता, शेपूट लांब असलेला.

मग तो शनिवार आठवला. खरं तर विसरलो नव्हतो, तिकडे जात नव्हतो. दुपारचे चार वाजले असतील. काशिनाथनं पंप उघडून धुतला होता, जाळी धुऊन मोरीजवळच्या खिळ्याला अडकवली होती. छाती चोळत म्हणाला, "मास्तर, जरा जातंय मी. छातीत जलजल होते. पित्त असल."

मी पुस्तकातून वर बघितलं. "पंप?"

"आजच्या दिस तू बंद कर. सगला तयार हाय. जाली तेवडी लाव."

इतक्या वर्षांत नियम मोडायला त्यानं मला एकदाच सांगितलं होतं. आपणहून. त्यावरून तरी मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, "आल्याचा रस घे," आणि पान पूर्ण केलं. मग उठून पंपाचं डोकं बसवलं, सगळे स्क्रू आवळले, पेला फिरवून लावला, चालवून बघितला. पाणी छान आलं. जाळी नसली तर पाणी उलट जास्तच छान येतं. कार्डावर 'मा' लिहिलं. वैदेहीचा नवरा पाच वाजता येऊन गाडी घेऊन गेला. रविवार गेला. सोमवारचं वर लिहिलं आहे.

मी मोरीजवळ गेलो. खिळ्यावर जाळी होती. चार आठवडे मी तिथे हात धूत होतो.

जाळी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "वैदेहीताई, ही या पेल्यात असायला हवी होती. अक्षता इथेच अडकल्या असत्या, तुम्हाला कळलंही नसतं. काशिनाथनं धुऊन ठेवली होती. लावायची माझ्याकडे होती. मी लावली नाही. चूक माझी आहे. काशिनाथची नाही, आजींचीही नाही."

सासूबाईंनी जाळी उचलून उजेडात धरली.

"म्हणजे अक्षता चालतात?"

"चालतात. पण शक्यतो टाकीला बाहेरून वाहा."

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या.

पेल्यात जाळी बसवली, पंपाचं डोकं बंद केलं आणि पंपाला वीज दिली. अर्धा तास त्याच्यासमोर आम्ही तिघं बसलो. तो एकदाही वाजला नाही.

त्याच दुपारी मी करावे गावात गेलो. काशिनाथचं घर आता चार मजल्यांचं आहे, खालचे तीन मजले भाड्यानं. त्याला काम करायची गरज नव्हती. वहिनी वरच्या ओसरीत सुकट निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला सारलं.

"सांगा," त्या म्हणाल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"त्याच्या हातून चुकलं नाही, वहिनी. माझ्या हातून चुकलं."

"माज्यासाटी सांगताव?"

मी कार्ड बरोबर नेलं होतं. त्यांच्यापुढे ठेवलं. वहिनी चौथी शिकलेल्या. बोट पदराला पुसून त्यांनी पहिल्या अक्षरावर ठेवलं. "हा त्यांचा."

"हो."

"नि हा खालचा?"

"माझा."

त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या, ओठ हलवत. मग माझ्याकडे पाहिलं. "कागद कुटं व्हता?"

"गाळ्यात. फायलीत."

"तुमच्याकडंच व्हता? नि आठ दिस तुमी मना सांगताव का गाडी आली नाय?" त्यांचा आवाज चढला. शेजारच्या खोलीतून सून डोकावून गेली. "आठ दिस मना डोला लागला नाय, मास्तर! मानूस गेला तो गेला, नि वर त्याच्या कामाला नाव! येवडा शिकलेला मानूस तुमी, नि एक कागद उगडून बगवला नाय?"

"भीती वाटली."

"कसली? त्यांचा निगाला असता म्हनून?"

"हो."

"नि तुमचा निगाला तवा?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "तेव्हा बरं वाटलं," मी म्हणालो.

वहिनी हसल्या, तोंडाला पदर लावून, आणि तसंच हसता हसता डोळे पुसू लागल्या. "बरा वाटला म्हनं. जल्ला हो मास्तर तुमी पन."

सूप पुन्हा पुढ्यात ओढलं, पण निवडायला घेतलं नाही. मला अजून एक सांगायचं होतं. तेही पंपाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, माझ्यावर होतं.

"त्या शनिवारी तो चारलाच निघाला. छातीत जळजळतं म्हणाला. मी त्याला आल्याचा रस घे म्हणालो. पुस्तक वाचत होतो. उठून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

वहिनी सुपातल्या सुकटीकडे बघत होत्या.

"मना पन सांगितला व्हता," त्या हळू म्हणाल्या. "घरी आल्यावर. मी सोडा दिला. ढेकर आला, म्हनले बरा वाटतंय. आयतवारी मटन खाल्ला." मग म्हणाल्या, "कोनाला नाय सांगितला मी ह्यो. पोरींना पन नाय."

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. मग त्यांनी सुनेला हाक मारून चहा सांगितला आणि मला म्हणाल्या, "कागद राहू दे माज्याकडं?"

मी म्हणालो, राहू द्या. फायलीत त्या जागी मी काही घातलेलं नाही.

या गोष्टीला आता सात-आठ महिने झाले. गाळा मी सकाळी दहा ते दुपारी तीन उघडा ठेवतो. दिवसाला एकच काम घेतो, कारण ऐकायला कुणी नसल्यामुळे मला प्रत्येक गोष्ट मोजावी लागते आणि मोजायला वेळ लागतो. पुस्तकं घरी नेली. महिन्यातून एकदा करावे गावात जातो. वहिनी चहा देतात, पंपाबद्दल काही विचारत नाहीत.

काशिनाथनं बसवलेले पंप अजून फिरत आहेत, काही कोकणात, काही घाटावर. त्यांतला एखादा रबर झिजलं म्हणून माझ्याकडे येतो. मी रबर बदलतो. पंप चालू होतो.